टँकरच्या गावाने पैसा कशावर घालावा: आरओ, शेततळं, ठिबक की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अवर्षणप्रवण तालुक्यातलं गाव, शिवार १,००० हेक्टर, सरासरी पाऊस ५०० मिलिमीटर. २०११च्या जनगणनेत वस्ती दोन हजार होती. जवळ एमआयडीसी आली आणि भाडेकरू धरून ती साडेतीन हजारांवर गेली. फेब्रुवारी सरता सरता गावविहीर तळ गाठते, मग पावसापर्यंत टँकर. एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळू शकतो आणि त्यासाठी ग्रामपंचायतीपुढे पाच प्रस्ताव आलेत: आरओचं (पडद्यातून गाळून क्षार काढणारं) पाणी एटीएम, हवेतून पाणी काढणारं यंत्र, हायड्रोपोनिक्सचं (मातीशिवाय शेतीचं) शेड, अस्तरीकरण केलेलं सामूहिक शेततळं आणि ठिबकसाठी अनुदान. वाढत्या वस्तीला पाणी आणि अन्न दोन्ही पुरेल असं शाश्वत तंत्रज्ञान यातलं कोणतं, असं सरपंचताई विचारतात.

सरपंचताई, मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या वर्षी यातलं एकही घेतलं नसतं. दोन प्रस्ताव पुढे कामाचे ठरतील, पण अटी घालून. एक सरळ परत पाठवा. का, ते सांगताना थोडी आकडेमोड करावी लागेल. कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि पंचायतीतल्या सगळ्यांना करायला लावा.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. तुमच्या हजार हेक्टरवर ५०० मिलिमीटर पडला की शिवारात वर्षाला ५०० कोटी लिटर पाणी उतरतं. जल जीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटर. साडेतीन हजार माणसांना दिवसाला १ लाख ९२ हजार लिटर लागतात, वर्षाला साधारण ७ कोटी. पडणाऱ्या पाण्याच्या दीड टक्क्याच्या आतच. वस्ती दुप्पट झाली तरी तीन टक्के. तेव्हा ‘लोकसंख्या वाढली म्हणून टँकर लागला’ हे वाक्य ग्रामसभेत कोणी बोललं तर हे आकडे समोर ठेवा.

अर्थात ५०० कोटींतलं सगळं हाताला लागत नाही. निम्म्याहून बरंच जास्त पाणी बाष्पीभवनात आणि पिकं, गवत, झाडं यांच्यात जातं, काही नाल्याने वाहून जातं, जमिनीत मुरतं ते थोडं. आणि इथे आपला दगड आडवा येतो. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टवर आहे. गंगेच्या मैदानात खाली शेकडो मीटर वाळू-मातीचे थर आहेत, ते स्पंजासारखं पाणी धरतात. आपल्याकडे पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकाच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत. भूजलाचा अंदाज बांधताना अशा कुजलेल्या बेसाल्टची पाणी सोडण्याची क्षमता दोन टक्क्यांच्या आसपास धरतात, आणि अखंड काळ्या पाषाणाची अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणजे एक हेक्टर जमिनीखाली पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर मिळतात दोन लाख लिटर. पूर्ण शिवारात एक मीटर उतरली तर २० कोटी लिटर.

हा २० कोटींचा आकडा लक्षात ठेवा. एक हेक्टर उसाला, पाटाने दिलं तर, वर्षाला साधारण दोन कोटी लिटर पाणी लागतं. तेवढं पाणी तुमच्या अख्ख्या गावाला साडेतीन महिने पुरतं. शिवारात दहा हेक्टर ऊस असेल तर तो हजार हेक्टरांखालची एक मीटर पातळी एकटा पितो. त्यातलं थोडं पाझरून परत खाली जातं, हे खरं. पण ते थोडंच. एप्रिलमध्ये, जेव्हा तुम्हाला टँकर लागतो, तेव्हा ते गावविहीर भरायला पुरत नाही.

राज्याने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, आणि त्याच खोऱ्यात कित्येक वर्षं उसाचं क्षेत्र वाढत आलेलं होतं. नुसत्या उसावर राग काढण्यात अर्थ नाही. हमीभाव, कारखाना, रस्त्यावर ट्रक उभा राहतो, पैसे बँकेत येतात. ज्वारीला यातलं प्रत्यक्षात काय मिळतं? शेतकरी वेडा नाही. पण गावाचं पाणी ठरवताना हा हिशेब टेबलावर नसेल तर बाकी कुठलंही यंत्र आणा, ते उसाच्या किंवा द्राक्षाच्या मागे उभं राहील.

म्हणून पहिलं काम पाण्याचा ताळेबंद. हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. तिथे पोपटराव पवारांच्या काळात माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर-बांधांची कामं झाली, फोटो त्या कामांचेच येतात. पण कामं तर शेकडो गावांत झाली आणि त्यातली बरीच गावं पुन्हा टँकरवर आली. हिवरे बाजार टिकलं ते कामांनंतरच्या नियमांवर: शेतीला बोअरचं पाणी नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं नाहीत, आणि पावसाळा संपला की पर्जन्यमापकाचा आकडा आणि विहिरींची पातळी पाहून त्या वर्षी रब्बीत कोणती पिकं किती क्षेत्रावर घ्यायची हे ग्रामसभेत ठरवायचं. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरेल ते शेतीला. कमी पावसाच्या वर्षी शेतीला जवळपास काहीच उरत नाही, आणि ते सगळ्यांना ऑक्टोबरमध्येच माहीत असतं, मार्चमध्ये विहीर आटल्यावर नव्हे.

त्याच्याही आधी, १९७२च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम आजही धाडसी वाटतो. पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर: माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस वर्ज्य. आणि लाभार्थ्याने खर्चाचा २० टक्के वाटा आधी स्वतः भरायचा. वाढत्या लोकसंख्येला पाणी पुरवण्याची यापेक्षा नेमकी मांडणी मी आपल्याकडे पाहिलेली नाही, आणि तिच्यात यंत्र म्हणून होता तो फक्त उपसा पंप.

ताळेबंद करायला कोणी मोठा सल्लागार लागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची तुमच्या पाणलोटात निरीक्षण विहीर असते, तिच्या अनेक वर्षांच्या नोंदी जिल्हा कार्यालयात मिळतात. त्याला गावातल्या दहा-पंधरा विहिरींची मोजणी जोडा. टेपला वजन बांधून पाणी किती खोल आहे ते सप्टेंबरअखेर, जानेवारीत आणि मे महिन्यात लिहायचं. शाळेतली मुलं करतात हे काम, आणि तलाठ्यापेक्षा चोख करतात. अटल भूजल योजनेत आपल्या राज्यातल्या ज्या गावांनी भाग घेतला त्यांच्याकडे याचे छापील नमुने आहेत. शेजारच्या तालुक्यातून मागून आणा.

आता गावविहिरीकडे. १,००० हेक्टरांखाली थोडं का होईना पाणी असताना तुमची एक विहीर फेब्रुवारीत आटते, म्हणजे त्या विहिरीच्या आसपास कोणीतरी जोराने उपसतंय, किंवा विहीर चुकीच्या थरात आहे, किंवा दोन्ही. पहिली शक्यता आधी तपासा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. १९९३च्या कायद्यापासून ही तरतूद आहे आणि २००९च्या भूजल अधिनियमातही ते संरक्षण राहिलं. प्रत्यक्षात काय होतं? गावविहिरीला पाणी चांगलं लागलं की लगतच्या शेतात चार बोअर होतात, कारण सगळ्यांना कळतं की इथे पाणी आहे. ती चार बोअर कोणाची आहेत हे पंचायतीत प्रत्येकाला माहीत असतं आणि म्हणूनच कोणी बोलत नाही. कायद्याचा कागद दाखवून भांडण लावण्यापेक्षा मी एक मार्ग पाहिलाय तो बऱ्याचदा चालतो: त्या शेतकऱ्यांना फेब्रुवारी ते जून उपसा बंद ठेवण्याच्या बदल्यात पंचायतीने ठरलेली रक्कम द्यायची. टँकरवर जिल्हा परिषद जेवढं घालवते त्याच्या तुलनेत ती रक्कम किरकोळ असते. लेखी करा, ग्रामसभेच्या ठरावात घ्या.

फेब्रुवारी ते जून या दीडशे दिवसांत गावाला लागतं २ कोटी ९० लाख लिटर. विहिरीच्या वरच्या अंगाला, त्याच पाणलोटात, सलग समतल चर, जुन्या नाला बांधातला गाळ काढणं, एक-दोन नवे बांध, एवढ्यावर तेवढं पाणी जास्तीचं मुरवता येतं. फक्त ‘खोलीकरण’ म्हणून जेसीबी आणून नाला मुरमाच्या खाली कठीण पाषाणापर्यंत खणू नका. मुरूम हीच आपली टाकी. ती फोडून बाहेर काढली की खाली दगडाचं भांडं उरतं, त्यात पाणी दिसतं छान, पण मुरत नाही आणि उन्हाने उडून जातं. जलयुक्त शिवारच्या काळात काही ठिकाणी हे झालं आणि भूजलातल्या जाणकारांनी तेव्हाच हरकत घेतली होती.

हवेतून पाणी काढणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव परत पाठवा. एक लिटर पाणी वाफेतून द्रवात आणायला सुमारे ०.६८ युनिट इतकी उष्णता काढावी लागते. यंत्र कितीही चांगलं असलं तरी एका युनिट विजेत त्याच्याकडून दोन-चार लिटरांच्या वर अपेक्षा ठेवू नका. तेच एक युनिट साध्या पंपाने ५० मीटर खोलीवरून जवळपास ३,००० लिटर वर आणतं. शिवाय हे यंत्र कोकणातल्या दमट हवेत बरं चालेल. तुमच्याकडे एप्रिलच्या दुपारी, नेमकं गरज असते तेव्हा, हवेत काढण्यासारखं काही नसतं.

आरओबद्दल सविस्तर लिहितो, कारण सीएसआरवाले त्यावर फार भर देतात. उद्घाटनाला चांगलं दिसतं. विक्रेता येतो, टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) पाण्यात बुडवतो, ६०० आकडा दाखवतो आणि म्हणतो, ‘हे पाणी तुम्ही पिता?’ भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं. आपल्या बेसाल्टमधलं पाणी जड असतं, डाळ शिजायला वेळ लागतो, भांड्यावर पांढरे डाग पडतात. त्रासदायक खरं, पण त्याने कावीळ, गॅस्ट्रो होत नाही. गॅस्ट्रो होतो तो जंतूंनी, आणि टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत.

जंतूंचं काम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर करते. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली तर तुमच्या गावाला दिवसाला अर्धा किलोही लागत नाही. अर्धा तास टाकीत मुरू द्यायचं आणि मग सोडायचं. गावाच्या शेवटच्या नळाला ओटी टेस्टमध्ये (उरलेलं क्लोरीन तपासायची चाचणी) ०.२ पीपीएम दिसलं पाहिजे. शेवटच्या, टाकीजवळच्या नव्हे. हे सगळं तुमच्या जलसुरक्षकाला माहीत असतं. बहुतेक गावांत अडतं ते असं: पावडर सहा महिन्यांची जुनी, पोतं उघडं, शाळेच्या पत्र्याखाली पडलेलं. त्यात क्लोरीन उरलेलंच नसतं, आणि रजिस्टरमध्ये रोजची सही. वर्षातून दोनदा आरोग्य विभाग सर्वेक्षण करून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतो. तुमच्या गावाला गेल्या वेळी कोणतं मिळालं ते पाहा. लाल असेल तर आरओची चर्चा बाजूला ठेवून आधी ते कार्ड बदलून घ्या.

आरओ खरोखर लागतो तो फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर असेल तेव्हा. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर १.५. नायट्रेटची ४५. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडने दात पिवळे-तपकिरी झालेली मुलं दिसतात. बोअर जितकी खोल तितकं पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं, आणि फ्लोराइडची शक्यता जास्त. म्हणून पाणी आटलं की ‘अजून दोनशे फूट खाली जाऊ’ हा उपाय दुहेरी महाग पडतो. नायट्रेट येतो वरून: युरिया, उकिरडे, शौचालयांचे शोषखड्डे. तिथे उपाय विहिरीच्या आसपासची घाण हटवणं हाच, पडदा बसवणं हा नंतरचा. आणि आरओ बसवलाच तर तो फक्त पिण्या-स्वयंपाकाच्या पाण्यासाठी, माणशी सात-आठ लिटर. जेवढं शुद्ध मिळतं तेवढंच जवळपास बाजूला फेकलं जातं, आणि त्या फेकलेल्या पाण्यात क्षार दुप्पट असतात. ते नाल्यात सोडलं तर फिरून तुमच्याच विहिरीत. त्याची वेगळी टाकी आणि वेगळा वापर ठरल्याशिवाय प्रस्तावावर सही करू नका. पडदे बदलायचा खर्च कोण करणार हेही लिहून घ्या. बंद पडलेले आरओ एटीएम बघायचे असतील तर तुमच्याच तालुक्यात फेरी मारा.

नळयोजनेची गळती हा प्रस्तावांत नसलेला विषय, आणि मला विचाराल तर पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग. टाकीच्या तोंडाशी एक बल्क मीटर बसवा. रोज किती लाख लिटर बाहेर जातं आणि घरांना किती पोचतं याचा फरक पाहिला की झोप उडते. पाणी दिवसाआड अर्धा तास येतं म्हणून लोक टिल्लू मोटर लावून ओढतात, पाइपात दाब उणा होतो, आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत येतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला गॅस्ट्रोची साथ येते तिचं एक मोठं कारण हेच. कराडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर लावून, वापर वाढेल तसा दर चढता ठेवून चोवीस तास पाणी दिलं. चोवीस तास दाब असला की घाण आत शिरत नाही, आणि मीटर असला की कोणी अंगणात पाइप सोडून ठेवत नाही. तुम्हाला लगेच चोवीस तास जमणार नाही, पण भाडेकरूंच्या खोल्यांपासून मीटर सुरू करा. चाळमालक एका जोडणीवर वीस खोल्या चालवतात आणि एका घराची पाणीपट्टी भरतात, हे बदलल्याशिवाय वाढलेल्या वस्तीचा खर्च जुन्या गावकऱ्यांच्या डोक्यावर राहतो. जाता जाता आणखी एक: एमआयडीसीची स्वतःची पाणीपुरवठा योजना असते आणि लगतच्या गावांना त्यातून पाणी दिल्याची उदाहरणं आहेत. तुमची वस्ती त्यांच्या कारखान्यांमुळे वाढलीय. ठरावासह मागणी करा, पाठपुरावा करा.

अस्तरीकरणाच्या शेततळ्याबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल तळ्यात सुमारे २० लाख लिटर मावतं. नाल्याचं, ओघळीचं वाहून जाणारं पाणी त्यात साठवलं तर उत्तम. पण ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद टाकलेली बहुतेक तळी पावसाने भरत नाहीत. ती नोव्हेंबर-डिसेंबरात विहिरीला किंवा बोअरला मोटर लावून भरतात. म्हणजे सगळ्यांच्या खडकाखालचं पाणी उपसून एकाच्या प्लास्टिकवर आणून ठेवायचं, आणि तिथून उन्हाला द्यायचं. ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून उन्हाळ्यात दिवसाला ८ ते १० मिलिमीटर उडतं, म्हणजे ७ ते ९ हजार लिटर. फेब्रुवारीत उडणं कमी असतं आणि पाणी उतरेल तसा पृष्ठभागही आक्रसतो, तरी फेब्रुवारी ते मे तळ्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भाग हवेत जातो. ज्याचं तळं त्याची द्राक्षबाग किंवा डाळिंब वाचतं, आणि तो त्याच्या जागी बरोबरच असतो. शेजाऱ्याची उथळ विहीर मात्र महिनाभर आधी आटते. तुमचं सामूहिक शेततळं घ्यायचं असेल तर अट एकच: भरणं फक्त पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्याने, विहिरीवरून पाइप जोडला तर अनुदान परत. आणि गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी हे तळं नको. दोन महिन्यांची गरज साठवायची तर अशी सहा तळी लागतील. त्यापेक्षा तेच पाणी विहिरीच्या वर मुरवलं तर साठवायला भाडं नाही, झाकण लागत नाही, कागद फाटत नाही.

ठिबक चांगलंच आहे. पाटाने दिलेल्या पाण्यातलं निम्मं पिकाच्या मुळाशी पोचलं तरी खूप, ठिबकने ८५ ते ९० टक्के पोचतं. खत पाण्यातून देता येतं, तण कमी, मजुरी कमी. सँड फिल्टर आणि वेळच्या वेळी आम्ल प्रक्रिया केली नाही तर आपल्या जड पाण्यात ड्रिपर दोन हंगामांत चोंदतात, तेवढं सांभाळायचं. पण गावाचं पाणी वाचतं का? शेतकऱ्याचं वाचतं. तो त्या वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवतो. बांधावरून पाहिलं तर प्रगती, विहिरीत डोकावलं तर पातळी तिथेच, किंवा आणखी खाली, कारण पूर्वी पाटातून पाझरून थोडं तरी परत जायचं, आता तेही नाही. सौर पंपाचंही असंच. रात्री बिबट्याच्या भीतीने पाणी द्यायला जाणं थांबलं हे मोठं सुख आहे, त्याला विरोध नाही. पण ऊन आहे तोवर पंप फुकट चालतो, आणि फुकट चालणारी मोटर कोणी बंद करत नाही. म्हणून सीएसआरचं ठिबक अनुदान द्यायचं ते एकूण बागायत क्षेत्र वाढणार नाही या लेखी हमीवर, आणि उद्भवापासून ५०० मीटरच्या आतल्या शेतांना आधी. तिथे वाचलेलं पाणी थेट गावविहिरीत दिसेल.

हायड्रोपोनिक्सचं शेड पालेभाजी, लेट्यूस, थोडा मक्याचा चारा देईल. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांना माल जाणार असेल तर एखाद्या तरुणाचा धंदा म्हणून ठीक. गावाचं पोट त्यावर भरत नाही. धान्याला ऊन लागतं, ते तुमच्याकडे फुकट आहे, पत्र्याखाली विकत घ्यायची गरज नाही.

अन्नाचं गणित शिवारातच आहे. साडेतीन हजार माणसांना माणशी दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरलं तर वर्षाला ५०० टनांच्या थोडं वर. भारी, खोल जमिनीत रब्बी ज्वारीला जोमाने वाढताना आणि पोटरीत असताना दोन संरक्षित पाणी मिळाली तर उत्पादन कोरडवाहूच्या दीडपट, कधी दुपटीपर्यंत जातं. एका पाण्याला हेक्टरी सहा लाख लिटर धरा, दोनला बारा लाख. म्हणजे उसाच्या एका हेक्टरचं पाणी ज्वारीच्या सोळा हेक्टरांना दोन-दोन वेळा पुरतं. वर कडबा मिळतो, तो दुष्काळात सोन्याच्या भावाने जातो. वाणांसाठी मालदांडीवरच अडून राहू नका. राहुरी विद्यापीठाचे फुले वसुधा भारी कोरडवाहू जमिनीला आणि फुले रेवती ओलिताला चांगले आहेत. खरिपात सोयाबीन, तूर असेल तर रुंद वरंबा सरीवर पेरा, पावसाच्या खंडात ओल टिकते आणि जादा पाऊस झाला तर सरीतून निघून जातो. यातलं काहीही उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही, त्यामुळे सीएसआरच्या यादीत येत नाही.

एक गोष्ट मात्र मी स्वतःहून यादीत घालेन. गावाला पोचणाऱ्या पाण्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर येतं. तुमच्याकडे दिवसाला दीड लाख लिटर. वस्ती वाढेल तसं हे वाढणार, पाऊस पडो न पडो. सध्या ते नाल्यात डास पाळतंय. जिथे घराला परसबाग आहे तिथे परसबाग, जिथे मुरूम जमीन आहे तिथे शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी त्यावर गटारं आणि डास दोन्ही घालवले. काळ्या चिकण मातीत शोषखड्डा तुंबतो, आणि पिण्याच्या विहिरीजवळ तो घ्यायचाच नाही. उरलेलं पाणी गावाच्या खालच्या अंगाला आणून गाळ बसायची टाकी, मग खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळ, मग स्थिरीकरण तळं, आणि तिथून चाऱ्याला. या उरलेल्या पाण्यावर उन्हाळ्यातही नेपियर गवताचा एखादा प्लॉट हिरवा राहतो. वीज लागत नाही, उतार लागतो. कच्ची खायची भाजी यावर घ्यायची नाही, आणि एमआयडीसीचं एक थेंबही पाणी या गटारात मिसळू द्यायचं नाही. त्यासाठी गटाराची वाट आधी चालून पाहा, रात्रीची.

तेव्हा निधी हाताशी आला तर माझा क्रम असा राहील: बल्क मीटर, पाइपलाइनची दुरुस्ती आणि क्लोरीनची मात्रा देणारा साधा डोसर; मग गावविहिरीच्या वरच्या पाणलोटाची कामं; मग सांडपाण्यावरचा चारा; आणि राहिलं तर अटींसह ठिबक. कंपनीला फलक लावायचा असेल तर तो नेपियरच्या प्लॉटवर लावा, तिथे वर्षभर हिरवळ असते.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी विहिरी मोजून घ्या, म्हणजे ताळेबंद त्याच सभेत मांडता येईल. ऊसवाले बसलेले असतील, तर पिण्याच्या पाण्याचा ठराव आधी घ्या आणि पिकांचा नंतर. पहिल्याला कोणी उघड विरोध करत नाही, आणि तो मंजूर झाला की दुसऱ्याला आकड्यांचा आधार मिळतो. गावविहिरीचं आणि जवळच्या दोन बोअरचं पाणी जिल्हा प्रयोगशाळेत द्या. फ्लोराइड आणि नायट्रेटचे आकडे आले की इथेच कळवा, आरओ घ्यायचा की नाही ते त्यावर बोलू.